रेखाताईंच्या हातात न उडणारी रायफल

मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "काका, तुम्ही कशातून रिटायर झाले?" मी म्हणालो, "बंदुकीतून." त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. नंतर बरेच दिवस मी लिफ्टमध्ये दिसलो की ते जिन्याने जायचे. शेवटी मीच त्यांना घरी बोलावलं आणि समजावलं, की बाप्पा, मी बंदुका दुरुस्त करायचो. परवान्याच्या बंदुका. माझ्याकडे लायसन होतं, पोलीस येऊन माझं कपाट तपासायचे, आणि मी आयुष्यात डासांशिवाय कोणाचा जीव घेतलेला नाही. त्यांनी हुश्श केलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "पण काका, कधी गावठी कट्टा वगैरे…?" मी त्यांना दाराबाहेर काढलं. माझा स्वभाव तसा चिडकाच आहे.

नागपूरच्या इतवारीत माझं दुकान होतं. एक लांब टेबल, लोखंड धरून ठेवायचा शेगडा, कानशी, भिंगं, आणि कोपऱ्यात वाळूने गच्च भरलेली पेटी. बंदूक टेबलावर घेण्याआधी तिचं तोंड त्या पेटीकडे करायचं आणि ती रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. आणणारा म्हणतो, "खाली आहे हो." सगळे तसंच म्हणतात. मी सख्ख्या भावाच्या शब्दावरही विश्वास ठेवला नसता.

गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं यायचं. पीक राखणारे शेतकरी, बँकेचे पहारेकरी, नेमबाजी शिकणारी पोरं, आणि ज्यांना बंदूक फक्त दिवाणखान्यात टांगायची असते असे रुबाबदार लोक. एकजण भाच्याच्या वरातीत उडवायची म्हणून घाईघाईने दुरुस्तीला घेऊन आला, त्याला मी एवढं फैलावर घेतलं की तो चपला विसरून गेला. कन्हानचा एक ठेकेदार नवी रायफल टेबलावर आपटून ओरडला, "मिस्त्री, फसवलं मले! नवी कोरी अन् उडत नाही." मी त्याच्या समोर बोटाने एक छोटी कळ मागची पुढे केली. "ही सेफ्टी. ही लागलेली असली तं उडत नाही. म्हणूनच तिले सेफ्टी म्हणतात." तो म्हणाला, "मग दुकानदारानं सांगितलं काहून नाही?" मी म्हणालो, "त्याने सांगितलं असेल. तुम्ही त्या वेळी फोटो काढून राहिले असाल." खरंच निघालं.

नवी बंदूक उडत नाही म्हणून येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं असंच निघायचं. पण एक रायफल अशी आली, की तिने माझ्या नाकी नऊ आणले. दुकान बंद करायच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट.

रेखाताई नरखेड तालुक्यातल्या. संत्र्या-मोसंबीचा बगिचा, थोडी पऱ्हाटी, म्हणजे कापूस. बगिच्यात रानडुकरांचा सुळसुळाट. आदल्या वर्षी एका डुकराने त्यांच्या नवऱ्याला, सुधाकररावांना, गाठलं आणि मांडीपासून पाय फाडला. जीव वाचला, पण पाय कामातून गेला. माणूस बाजेवर आला. पहाटेची राखण आता रेखाताईंवर आली. त्यांनी हिंमत धरली, रायफल चालवायचं रीतसर शिक्षण घेतलं, वनखात्याच्या परवानगीसाठी खेटे घातले आणि परवाना स्वतःच्या नावाने काढला. दसऱ्याच्या जरा आधी नवी रायफल घरी आली. बोल्टची, म्हणजे दर वेळी हाताने मूठ मागे ओढून पुढे सारायची. दिवाळीपर्यंत छान उडाली. थंडी सुरू झाली आणि रायफल रुसली.

पहिल्यांदा त्या आल्या त्या दिराच्या मोटारसायकलवर बसून. दीर म्हणजे गजानन. बोलण्यात पटाईत, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

"काका, माह्या हातात उडतच नाही जी," रेखाताई म्हणाल्या. "खटका दाबला की नुसतं टक वाजते."

"अन् मी दाबतो तं उडते," गजानन हसत म्हणाला. "गावात लोकं म्हणून राहिले, बाईच्या हातात लोखंडबी लाजते. नाचता येईना, अंगण वाकडं!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "रायफलीले बाई-माणूस समजते काय गा? तू गप बस तिथं स्टुलावर."

आता थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. काडतुसाच्या बुडाशी एक टोपी असते. बोल्टच्या पोटात एक पिन असते आणि तिच्यामागे स्प्रिंग. खटका दाबला की स्प्रिंग सुटते, पिन धावत जाऊन टोपीवर आदळते, टोपी ठिणगी देते आणि बार होतो. पिनेने टोपीवर जो खळगा पाडलेला असतो, तो आम्हा लोकांसाठी डॉक्टरांच्या नाडीसारखा. रेखाताईंनी न उडालेली काडतुसं आणली होती. खळगा होता, पण उथळ. म्हणजे पिन पोचत होती, पण मरगळलेली पोचत होती.

बोल्ट खोलला. आत तेलच तेल. नव्या मालकांची ही खोड असते, वाटतं जितकं तेल तितकं प्रेम. मी सगळं पुसून कोरडं केलं, रिकाम्या काडतुसात नुसत्या टोप्या बसवून वाळूच्या पेटीत उडवून पाहिल्या. एकही फुसकी निघाली नाही. रेखाताईंना म्हणालो, "तेलात बुडवून ठेवू नका. थोडंच द्या." त्यांनी मान हलवली.

आठवड्यात परत आल्या. पुन्हा टक. आता मी पिनेची लांबी मोजली, स्प्रिंग बदलून ताठ घातली, बोल्ट पूर्ण बंद होतो की नाही ते तपासलं, काडतुसांचा डबासुद्धा बदलायला लावला. दुपारी त्यांच्याच हातून टोप्या उडवल्या. फटाफट उडाल्या. मी छाती फुगवून सांगितलं, "आता उडली नाही तं मले विचारा."

त्यांनी विचारलंच. फोन आला, आवाज दबलेला.

"काका, काल पहाटे डुक्कर समोर आलं होतं. मी दाबला खटका. टक! ते सरळ अंगावर धावलं. विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत घुसली अन् दार लावलं मी. बाहेरून धडका मारून राहिलं होतं जी ते."

मी विचारलं, "लागलं काय कुठं?"

"नाही. पण आमच्या यायले सांगू नका, बाजेवर पडल्या पडल्या माह्यासाठी झुरतात ते आधीच." मग म्हणाल्या, "घरचे म्हणतात, येत्या सोमवारी जाऊन रायफल गजाननभाऊजींच्या नावानं करायची. दुपारी त्यायनं चार लोकांसमोर उडवून दाखवली. म्हणे, पाहा, रायफल चांगली आहे, वहिनीचा हात खराब आहे. भाऊजी काही पहाटे उठत नाहीत काका. रायफल त्यांच्या खुंटीवर राहीन, अन् मी काठी घेऊन जाईन. नाही तं बगिचा सोडून द्यावा लागन."

मी म्हणालो, "सोमवार यायच्या आत मी येतो. तोवर बगिच्यात पाऊल टाकायचं नाही, संत्री गेली तर गेली."

बायको म्हणाली, या वयात थंडीचं कुठे जाता, दुसरी रायफल द्यायला सांगा दुकानदाराला. पण मला आता ईर्षा चढली होती. माझ्या टेबलावर उडणारं हत्यार माझ्या माघारी गप्प राहतं म्हणजे काय! आणि त्यापायी एक बाई मरता मरता वाचते. हत्यारांची पिशवी घेतली आणि एसटीत बसलो. गावात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं.

सुधाकररावांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ओसरीत बाजेवर बसलेले, दाढी केलेली, सदरा स्वच्छ. पाय उशीवर. रायफल त्यांच्या उशाशी भिंतीला, फडक्याने पुसून लख्ख. बोल्टची मूठ अशी चमकत होती, की दुकानातही चमकली नसती.

"मीच पाहतो तिचं सगळं," ते म्हणाले. "खंडेनवमीले पूजा केली, तवापासून एक दिवस खाडा नाही. रेखा पहाटे निघायच्या आधी मी पुसून, तेल देऊन, तयार करून ठेवतो. आता माह्याकडं तेवढंच काम आहे मिस्त्री."

मी म्हणालो, "फार छान ठेवली." मनापासून म्हणालो. रात्री पाटवड्यांची भाजी आणि गरम भाकरी जेवून झोपलो.

नागपूरकडची थंडी कोणाला खरी वाटत नाही. आमचं गाव म्हणजे उन्हाळा, असंच बाहेरचे समजतात. पण पौषात नरखेडकडच्या मोकळ्या वावरात पहाटे बोटं वाकत नाहीत. उठलो तर रेखाताई चूल पेटवून बसल्या होत्या, आणि ओसरीतून सुधाकररावांचा आवाज आला, "रेखा, तेल गोठलं वं. चुलीजवळ ठेव जरा."

त्यांनी खोबरेल तेलाची बाटली चुलीच्या कडेला ठेवली. आत पांढरं घट्ट झालेलं तेल हळूहळू वितळायला लागलं. त्यांनी ते वाटीत घेऊन नवऱ्याच्या पायाला चोळलं. मला वाटलं झालं. तर सुधाकररावांनी रायफल मांडीवर घेतली, बोल्ट बाहेर काढला, आणि वाटीत उरलेलं तेल त्याच्या पोटात थेंब थेंब सोडायला लागले. सगळीकडून. मायेने. देवाला घालावं तसं.

मी कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! खोबरेलाचा वास मला इतवारीतही आला होता, दोन्ही वेळा. बाईमाणसाने आणलेली रायफल, म्हणून तो त्यांच्या केसांचा असेल, असं मी धरून चाललो. तेल कमी द्या, असं ऐटीत सांगितलं, पण कोणतं तेल देता, एवढा एक प्रश्न मला विचारायला सुचला नाही. दुकानात दुपारच्या उबेत ते पाण्यासारखं पातळ. इथे पहाटे वावरात निघालं, की बोल्टच्या पोटात गोठून बसणार. पिन त्या गाळातून पाय ओढत जाणार. गजानन दुपारी उडवायचा, रेखाताई पहाटे. हाताचा काही संबंधच नव्हता.

तोंडाने सांगून भागणार नव्हतं, गावात बोलणारे फार होते. मी काही न बोलता बोल्ट परत लावून घेतला, रायफल रिकामी अंगणातल्या दगडावर ठेवली आणि तिला बराच वेळ थंडी खाऊ दिली. मग गजाननला उठवायला लावलं. तो तोंडात ब्रश घेऊन, शाल गुंडाळून आला.

"चल गा," मी म्हणालो. "मागच्या धुऱ्याच्या मातीत एक बार काढून दाखव. तुझ्या हातात उडते ना?"

शेजारचे दोघं-तिघंही मागे आले. गजाननने ऐटीत काडतूस भरलं, मातीच्या उंच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेम धरला, खटका दाबला.

टक.

"हलू नको," मी ओरडलो. "तोंड तिकडंच ठेव. बार उशिरानंबी होतो कधी कधी." बराच वेळ तसाच उभा केला त्याला. मग बोल्ट उघडायला लावला. तसाच उथळ खळगा. दुसरं काडतूस. पुन्हा टक.

"काय झालं गा?" मी विचारलं. "तुझा हात बाईचा झाला काय?"

बघे हसायला लागले. गजानन ब्रश चावत उभा. रेखाताई मात्र हसल्या नाहीत, त्या माझ्याकडे रोखून पाहत होत्या, कारण त्यांना उत्तर हवं होतं.

ओसरीत येऊन मी सगळ्यांसमोर बोल्ट खोलला. आत पांढरं, तुपासारखं घट्ट. बोटाने काढून दाखवलं. कोणाला सांगायची गरज नव्हती, वास साऱ्यांना आला.

सुधाकररावांचा चेहरा उतरला. पण माणूस मानी. म्हणाले, "खोबऱ्याचं तेल चांगलंच असते मिस्त्री. आमच्या बापानं बैलबंडीच्या कण्याले लावलं, कधी काही झालं नाही. फार तं मी जरा कमी देईन. अन् एखाद वेळ नाही उडाली तं काय बिघडते? रेखा मचाणावर असते."

मी तोंड उघडलं. रेखाताईंनी डोळ्यांनीच नको म्हटलं. मी पेचात पडलो. सांगितलं तर ताईंचा फोनवरचा शब्द मोडतो. नाही सांगितलं तर उद्या पहाटे हा भला माणूस पुन्हा त्याच मायेने तेच तेल घालणार. नुसतं साफ करून, बरं तेल देऊन मी निघून गेलो असतो, तर पुढच्या थंडीत काय झालं असतं? मी म्हणालो, "ताई, मी गप बसणार नाही. तुम्ही सांगता की मी सांगू?"

त्या खाली बाजेजवळ बसल्या. नवऱ्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. म्हणाल्या, "डुक्कर आलं होतं परवा. मी मचाणावरून उतरली होती, मोटार चालू कराले. खटका दाबला तं टक झालं. मोटारीच्या खोलीत घुसली म्हणून वाचली."

सुधाकरराव वाटीत उरलेल्या तेलाकडे पाहत राहिले, आणि मग तोंडावर दोन्ही हात घेऊन रडले. मोठा माणूस असा रडताना पाहवत नाही. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. बघे उठून गेले.

"गजाननले दे रायफल," ते म्हणाले. "मले हात लावू देऊ नको तिले. माह्याच हातानं मारलं असतं तुले मी."

"हो जी दादा, मीच ठेवतो," गजानन पुटपुटला. 

रेखाताई उठल्या. एवढ्या दिवसांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "रायफल माह्या नावानं आहे भाऊजी. माह्याच नावानं राहीन. अन् तिले तेल देतीन तं हेच देतीन. दुसऱ्या कोणाचा हात लागलेली रायफल मी वावरात नेणार नाही."

"अवं पण…" सुधाकरराव म्हणाले.

"पण नाही अन् बिण नाही. काका, यायले शिकवा."

मग मी माझ्या हाताने एकही गोष्ट केली नाही. मोटारसायकलमधून पेट्रोल काढायला लावलं, आणि चुलीपासून दूर, अंगणात बाज नेऊन, सुधाकररावांकडून बोल्टचा एकेक भाग धुऊन घेतला.  पिन नखाने तपासायला लावली, कुठे चिकट तर नाही ना. कोरड्या फडक्याने पुसायला लावली. मग माझ्या पिशवीतली बंदुकीच्या तेलाची बाटली दिली आणि सांगितलं, पोटात काही नाही, वरच्या घासणाऱ्या जागेला फक्त बोट फिरवायचं. ते दिवसभर उघडत, लावत, उघडत, लावत राहिले. चुकले की मी खेकसायचो, आणि ते निमूट पुन्हा सुरू करायचे. संध्याकाळपर्यंत डोळे मिटून बोल्ट जोडू लागले.

रायफल आम्ही दोघांनी ठरवून बाहेर पडवीत ठेवली, थंडीतच. दुसऱ्या दिवशी पहाट आदल्या दिवसापेक्षा कडक होती. सुधाकररावांनी थंडगार बोल्ट पुसला, लावला, आणि रेखाताईंच्या हातात रायफल दिली.  त्या धुक्यात बगिच्याकडे निघून गेल्या. आधी धुऱ्यावर एक बार काढून पाहायचा, न उडाल्यास तशाच मागे फिरायचं, असं ठरलं होतं.

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. मागे बाजेवर सुधाकरराव. मी काम तपासलं होतं, तीनदा तपासलं होतं, तरी कान बगिच्याकडे लावून बसलो. आधीही दोनदा छाती फुगवली होती ना मी. 

मग बार झाला. धुक्यातून खणखणीत आला.

मी वळून पाहिलं. सुधाकररावांनी हात जोडलेले, डोळे मिटलेले. तेवढ्यात दुसरा बार झाला. ते दचकून ओरडले, "दुसरा कायले? मिस्त्री, दुसरा कायले?" आणि बाजेवरून उतरायलाच निघाले. मी त्यांना धरून बसवलं. गजानन अनवाणी बगिच्याकडे पळाला.

थोड्या वेळाने रेखाताई धुक्यातून आल्या. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, दिसेल असा धरलेला. मागे गजानन.

"अवं, डुक्कर आलं होतं काय?" सुधाकररावांनी विचारलं.

"नाही."

"मग दुसरा बार काहून काढला?"

रेखाताईंनी रायफल त्यांच्या मांडीवर ठेवली. "पहिला मी माह्यासाठी काढला," त्या म्हणाल्या. "पण तुमी म्हटलं असतं, नशिबानं उडाली. म्हणून दुसरा तुमच्यासाठी."